तोडायचे नाही, जोडायचे आहे

बिभीषण शेंडगे यांच्या दारातला कडुलिंब मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी फाटला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण शेंडगे तेव्हा जालना एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत कपाशीचे कोंब मोजत होते आणि अठ्ठ्याऐंशीव्या कोंबाला फोन वाजला. ओल्या कागदात शंभर बिया गुंडाळून ठेवायच्या, काही दिवसांनी कागद उघडून किती उगवल्या ते लिहायचं, हे त्यांचं काम. हे काम ते न्यायाधीशाच्या चेहऱ्यानं करत आणि मोजणी चालू असताना फोन घेत नसत. पण वर्षाराणीबाईंनी लागोपाठ तीनदा फोन केला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यांनी लागोपाठ दोनदाही कधी केला नव्हता.

"अहो, वावटळ आल्ती. लिंब मधोमध फाटला. आन् आत्याबाई त्याच्याच खाली जाऊन बसल्यात. किती हाका मारल्या, उठूनच न्हाई राह्यल्या."

आत्याबाई म्हणजे शेंडग्यांची माय, सखूबाई. वय शहात्तर. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. मुलाच्या तीन खोल्यांच्या घरात ती फक्त झोपायला येई. छताखाली तिला दम कोंडल्यासारखं होई, म्हणून चहापासून जेवणापर्यंत तिचा सगळा दिवस लिंबाखाली. कॉलनीत पत्ता विचारला की लोक 'शेंडग्यांचं घर' म्हणत नसत, 'ते म्हातारी बसती ते झाड' म्हणत. घराचे हप्ते शेंडग्यांनी फेडले होते, तरी!

शेंडगे पोचले तेव्हा वारा थांबला होता. पुरुषभर उंचीवर जिथं झाडाचे दोन फाटे व्हायचे, तिथून खाली हातभर लांब चीर गेली होती. चिरीत चार बोटं सहज जात. एक फाटा त्यांच्या स्लॅबकडे झुकला होता आणि दुसरा शेजारच्या साहेबराव मिसाळांच्या पत्र्याच्या शेडकडे. त्या शेडमध्ये मिसाळांची नवी गाडी उभी होती. सखूबाईनं चिरीत हळद भरली होती, आपलं जुनं लुगडं फाडून झाडाला गुंडाळलं होतं, वरून दावं बांधलं होतं आणि दाव्यात काठी घालून तिला पीळ देत ती बसली होती. मोडक्या पायाच्या शेळ्या तिनं आयुष्यात शेकड्यानं बांधल्या होत्या.

"धरंल का, माय?" शेंडग्यांनी विचारलं.

"शेळी असती तर सांगितलं असतं. शेळी वरडती. हे मुकं." तिनं काठीला आणखी एक पीळ दिला. "ऱ्हायलं तर बरं. न्हाई ऱ्हायलं तर मंग मला पिंपळगावला नेऊन सोड. तिथं बाभळी तरी हायेत."

हे ती रागानं म्हणाली असती तर शेंडग्यांनी समजूत घातली असती. पण 'येताना गूळ आण' म्हणावं तसं ती साधेपणानं म्हणाली. कुंभार पिंपळगावला आता त्यांचं होतं काय? एक पत्र्याची खोली, तिला कुलूप, आणि त्या बाभळी. शेजारीपाजारी होते, पण तेही ऊसतोडीला नाहीतर पोरांकडे गेलेले.

"काही टक्के तरी सांग ना, माय. वाचायची शक्यता किती?"

म्हातारीनं मुलाकडे असं पाहिलं की त्यांनी तो प्रश्न पुन्हा कुणालाच विचारला नाही.

आता कॉलनीचा स्वभाव असा, की एखाद्याच्या घरी माणूस आजारी पडलं तर दोघेतिघे येऊन जातात, पण झाड आजारी पडलं तर सगळे येतात, कारण झाडाच्या बाबतीत प्रत्येकजण डॉक्टर. एकानं चिरीत सिमेंट भरायला सांगितलं. एकानं शेण आणि गूळ कालवून लावायला सांगितलं. कौसल्याकाकूंनी झाडाला दृष्ट लागली असं निदान करून वरच्या फांदीला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. वर चढणार कोण, हे मात्र सांगितलं नाही. साहेबराव मिसाळ सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी बोलले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि आयुष्यात प्रत्येक गोष्टीकडे भिंत म्हणून पाहायची त्यांना सवय होती.

"शेंडगे, हे बघा. तुमच्यासाठी ते झाड असंल. माझ्या हिशेबानं तो लोड आहे. आन् तो माझ्या शेडवर येऊन राह्यलाय."

"मग काय करावं, भाऊ?"

"काढून टाका. पण लेखी परवानगी घ्या आधी. विचारल्याशिवाय झाडाला हात लावणं गुन्हा आहे."

"मला काढायचं नाही. बांधायचं आहे."

"त्यालाही घ्या. खिळा जरी मारला तरी इजा धरतात."

शेंडगे कायद्याला भिऊन चालणारे. दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून ते झाडांचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव घ्यायचं कारण नाही. तिथली माणसं सज्जन होती आणि जे झालं ते सज्जनपणातूनच झालं. टेबलावरच्या क्लार्कनं त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळी हकिकत ऐकून घेतली.

"म्हणजे झाड वाचवायचा अर्ज पाहिजे तुम्हाला," क्लार्क विचारात पडून म्हणाले. "तसा नमुनाच न्हाई हो. वाचवायला कुणी येतच न्हाई."

"मग?"

"तोडायचा नमुना हाये. तोच भरा. कारणाच्या रकान्यात तुमचं म्हणणं लिहा, बराबर पोचतं."

शेंडग्यांनी प्रयोगशाळेतल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'तोडायचे नाही, जोडायचे आहे.' लिहून झाल्यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. हे वाक्य कुठंतरी छापून यायला हवं, असंही वाटून गेलं. क्लार्कनंही मान डोलावली, मग संगणकात नोंद करायला घेतली आणि थोडा वेळ खुडबुड करून म्हणाले, "ह्याच्यात कारण आपल्या मनाचं टाकता येत न्हाई. तीनातलं एक निवडावं लागतं. धोकादायक, वाळलेलं, रस्त्यात येणारं. तुमचं धोकादायक टाकू का?"

धोकादायक तर ते होतंच. शेंडगे म्हणाले, टाका.

परवानगी येईल तेव्हा येईल, तोवर टेकू तरी द्यावा म्हणून ते सोमेश्वरकडे गेले. एमआयडीसीच्या रस्त्याला सोमेश्वरचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, ग्रील, जिने. त्यानं जन्मात कुठल्या कामाला नाही म्हटलं नव्हतं. त्यानं झाडाला चारी बाजूंनी टेप लावला, वहीत आकडे लिहिले आणि गंभीरपणे विचारलं, "डिझाइन कोणतं ठेवू? मोर का सूर्य?"

"डिझाइन कशाला? टेकू आहे तो. साधाच ठेव."

सोमेश्वरच्या भाषेत साधा म्हणजे एकच मोर. दोन दिवसांनी जाड पाइपाचा टेकू आला. वरच्या टोकाला फांदी बसायला अर्धगोल आणि त्याच्या खाली चोच पुढे काढलेला लोखंडी मोर, हिरवा रंग दिलेला. तो मिसाळांच्या बाजूच्या फाट्याखाली ठोकून बसवला. नीट बसला का, हे पाहायला शेंडगे स्टुलावर चढले. माय झाडाला रोज पाणी घाली, त्या ओल्या मातीत स्टुलाचा एक पाय गेला, स्टूल सरकलं, आणि मोराची चोच शेंडग्यांच्या पट्ट्यात मागच्या बाजूनं अडकली. पाय जमिनीपासून वीतभर वर. खाली येता येईना, वर जाता येईना.

"हलू नका!" साहेबराव गेटातून ओरडले. "लोड बदलंल!"

वर्षाराणीबाई धावल्या, सोमेश्वर धावला. समोरच्या घरातल्या दोन बायका ओट्यावर आल्या, आणि कौसल्याकाकूंनी दृष्टीचं आपलं निदान पुन्हा एकदा जाहीर केलं. मोराला लटकलेल्या अवस्थेत, शक्य तितका ताठ चेहरा ठेवून, शेंडगे सगळ्यांना 'काही नाही, काही नाही' म्हणत होते. तेवढ्यात बाजेवर बसलेली सखूबाई हसायला लागली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. झाड फाटल्यापासून ती हसली नव्हती. शेंडग्यांना वाटलं, आणखी दोन मिनिटं लटकायला आपली हरकत नाही. पण पट्टा तुटला.

पट्ट्यामागोमाग टेकूही वाया गेला. ओल्या जमिनीत तो दिवसेंदिवस खाली रुतत गेला आणि चीर होती तशीच राहिली. शेवटी वर्षाराणीबाईंनी परभणीला फोन लावला. त्यांची लेक प्रांजली तिथं शेतकीचं शिकत होती. तिनं व्हिडिओवर झाड खालपासून वरपर्यंत पाहिलं, आपल्या मॅडमना दाखवलं आणि संध्याकाळी वडिलांना एकट्यालाच फोनवर बोलवायला सांगितलं. आजारी माणसाबद्दल डॉक्टर बोलतात तसं.

"बाबा, आजीचं दावं काढावं लागेल."

"का?"

"सालीतून झाडाचं अन्न फिरतं. दाव्यानं साल आवळली जातीय. तसंच राहिलं तर गळा दाबल्यासारखं होईल. वाऱ्यानं नाही मरणार, दाव्यानं मरेल."

"मग बांधायचं कशानं?"

"बांधायचं नाही. आरपार भोक पाडायचं आणि बोल्ट घालायचा. चिरीत दोन. आणि वर, फाट्यांच्या उंचीचे खालचे दोन तृतीयांश सोडून, दोन्ही फाटे एकमेकांना तारेच्या दोरानं जोडायचे. शिवाय शेंड्याचं ओझं थोडं उतरवायचं. भोक लहान असतं, झाड ते सोसतं."

शेंडग्यांनी फोन ठेवला आणि खिडकीतून पाहिलं. माय झाडाला टेकून बसली होती आणि दाव्याच्या काठीला अर्धा पीळ देत होती. रोज सकाळ-संध्याकाळ ती तेवढा पीळ देई, देव्हाऱ्यात दिवा लावावा तसा. तिला सांगायचं कसं, की तू वाचवून नाही राह्यली, मारून राह्यली?

सांगणं टाळायला माणूस काय काय करतो! पहाटे म्हातारी मोरीत गेली की शेंडगे चोरपावलांनी जाऊन दावं सैल करत. परत आल्यावर ती ते पुन्हा आवळे आणि सुनेला म्हणे, "दावं खराब हाये, रोज ढिलं व्हतंय. जाडजूड आणाय सांग त्याला." असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी दावं सोडता सोडता मागून आवाज आला.

"तूच का रं?"

पन्नाशी ओलांडलेले, उगवण चाचणी विभागाचे प्रमुख बिभीषण शेंडगे शाळा बुडवलेल्या पोरासारखे उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. साल, अन्न, गळा, भोक, बोल्ट. सांगताना ते मायकडे पाहत नव्हते, दाव्याकडे पाहत होते.

सखूबाईनं विचारलं, "भोक म्हंजे, कान टोचल्यावाणी?"

"तसंच समज."

"खूण म्हणून शेळीचे कान किती टोचले मी. टोचल्यानं एक न्हाई मेली. पर गळ्यात दावं वाढत्या वयाला ढिलं करायचं इसरलं, तर मरती. आमच्या भावाची मेल्ती." ती झाडाजवळ आली. काठीचा पीळ तिनं स्वतः उलटा सोडला, एकेक फेरा काढला, खालचं लुगडं सोडवलं. दाव्याखाली साल दबून काळी पडली होती. त्यावरून तिनं हात फिरवला. "लेकरा, पयल्या दिशीच सांगायचं ना. मी काय खाल्लं असतं तुला?"

शेंडगे सोमेश्वरला फोन करायला आत गेले. सकाळचे पावणेसहा वाजले होते. सोमेश्वरनं तरीही उचलला.

काम रविवारी ठरलं. सोमेश्वरनं चेनकप्पी आणली. मिलमध्ये जड लोखंड उचलायला वापरतात ती. लाकूड भोसकायचा लांबलचक गिरमिट आणला, हातभर लांबीचे बोल्ट आणले, तारेचा दोर आणला. मोर आणला नाही. तसं शेंडग्यांनी लेखी घेतलं होतं. फाट्यांना गोणपाट गुंडाळून त्यांवर साखळी टाकली आणि सोमेश्वर हळूहळू कप्पी ओढू लागला. झाड करकरलं. कॉलनी श्वास रोखून उभी. सखूबाई बुंध्याला हात लावून उभी राहिली आणि अडलेल्या शेळीशी बोलावं तसं काहीतरी हळू पुटपुटत राहिली. चार बोटांची चीर तीन बोटांची झाली, दोनाची झाली, मग नख जाईल एवढी.

साहेबराव मिसाळ आधी आपल्या कंपाउंडच्या आत उभे होते. मग कंपाउंडवर वाकले. मग त्यांना राहवेना. "अरे गिरमिट तिरका चालून राह्यला! सरळ धर, सरळ!" म्हणत ते घरातून लेव्हल बघायची पाणसळ घेऊन आले आणि तिथून पुढे सगळं काम त्यांच्या हुकमानं चाललं. बोल्ट आरपार गेला, दोन्ही बाजूंनी नट आवळले गेले. वर शिडी लावून तारेचा दोर ओढला आणि मधला स्क्रू फिरवून ताणला. साहेबरावांनी दोराला बोटानं टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, "बिलकुल बराबर." धरण पूर्ण झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

आणि त्याच क्षणी गल्लीत ट्रॅक्टर शिरला.

ट्रॅक्टरवर चार माणसं, एक यांत्रिक करवत आणि एक कागद. मुकादमाचं नाव भारत. त्यानं कागद पुढे केला: 'धोकादायक वृक्ष, एक, तोडण्यास मंजुरी.' अर्ज देऊन सोळा दिवस झाले होते. इतक्या जल्दी त्या कार्यालयात कुणाचं काम झाल्याचं कॉलनीला आठवत नव्हतं.

"पण मी लिहिलं होतं, तोडायचे नाही, जोडायचे आहे!" शेंडगे ओरडले. त्यांना ओरडताना कॉलनीनं पहिल्यांदाच ऐकलं.

"साहेब, माझ्या कागदावर तसं कायी न्हाई. मी काय करू? रिकामा गेलो तर फाइल उघडी ऱ्हाती. खास रविवारचा आलो, तुम्ही अर्जंट होते म्हणून."

"मी लेव्हल लावलेल्या झाडाला हात लावून दाखवा!" साहेबराव पाणसळ उगारून पुढे झाले. सतरा दिवसांपूर्वी हेच साहेबराव झाड काढा म्हणाले होते, हे आठवायची कुणाची छाती नव्हती.

सखूबाईनं कुणाचंच ऐकलं नाही. तिनं बाजेवरची गोधडी झटकली. "बस रं बाबा. उन्हाचा आलास. वर्षे, च्या टाक ह्या पोरांना."

भारत बसला. त्याची माणसं बसली. जूनच्या तोंडाचं ऊन होतं आणि त्या सावलीत आल्यावर कुणालाही पाच मिनिटांत डोळे मिटावेसे वाटत. चहा पिता पिता भारतनं वर पाहिलं. बोल्टाला हात लावला, दोर न्याहाळला.

"कुणी केलं हे?"

"आम्ही," सोमेश्वर, साहेबराव आणि शेंडगे एकदम म्हणाले.

"बेस्ट केलंय. पण शेंड्याला ओझं लई हाये. ते न्हाई उतरवलं तर पुन्हा फाटंल."

प्रांजलीनं हेच सांगितलं होतं. पण तेवढ्या उंच चढणार कोण, म्हणून ते काम तसंच राहिलं होतं. शेंडग्यांनी भारतकडे पाहिलं, भारतनं करवतीकडे पाहिलं. अर्ध्या तासात त्याचा माणूस शेंड्याला होता आणि मोजून सहा फांद्या, प्रत्येकीला दोर बांधून, अलगद खाली उतरल्या. भारतनं त्या ट्रॅक्टरमध्ये भरल्या, भरलेल्या ट्रॅक्टरचा फोटो काढला, मोबाइलवर पाठवला. त्यात 'फांद्या काढल्या' असं लिहायची सोय नव्हती. 'वृक्ष काढला' एवढंच होतं. त्यानं ते दाबलं.

"फाइल बंद," भारत म्हणाला, आणि जाताना म्हातारीच्या पाया पडला.

झाडाची परीक्षा आठवड्याभरातच झाली. बुधवारी दुपारी पुन्हा वारं सुटलं, पत्रे वाजायला लागले, धुळीनं समोरचं घर दिसेना. शेंडगे कंपनीतून निघून आले होते. कोंब मोजायचे सोडून येण्याची ही त्यांची दुसरी वेळ. दोन्ही फाटे एकत्र झुकले, एकत्र परत आले. दोर गुणगुणल्यासारखा वाजत होता. साहेबरावांनी गाडी आधीच तीन गल्ल्या पलीकडे नेऊन लावली होती. स्वतः मात्र ते झाडाखाली उभे होते, डोक्याला उपरणं गुंडाळून, बोल्टावर डोळा ठेवून. वारं पडलं तेव्हा चीर होती तेवढीच होती. साहेबराव घरात गेले आणि परत येऊन शेंडग्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला. तो त्यांनी आधीच आणून ठेवला होता हे उघड होतं, पण शेंडग्यांनी तसं दाखवलं नाही.

जुलैत कार्यालयाचं पत्र आलं. एक वृक्ष तोडल्याबद्दल शेंडगे यांनी त्याच आवारात किंवा जवळपास पाच रोपं लावावीत, जगवावीत आणि दरवर्षी त्यांचे फोटो सादर करावेत.

शेंडग्यांना हा अन्याय सोसेना. कागद-पेन घेऊन ते लिंबाखालीच खुर्ची टाकून बसले आणि खुलासा लिहू लागले, की सदर वृक्ष जिवंत असून अर्जदार हा अर्ज त्याच्याच सावलीत बसून लिहीत आहे.

"येडे झाले का?" साहेबराव कंपाउंडवरून म्हणाले. "बिलकुल पाठवू नका. झाड उभं हाये म्हणून कळवलं की ते परत तोडायला येतील."

यात तथ्य होतं. शेंडग्यांनी पेनाला टोपण लावलं.

"काय म्हणतंय पत्र?" सखूबाईनं विचारलं.

त्यांनी वाचून दाखवलं. म्हातारीनं 'पाच' एवढंच ऐकलं असावं, कारण ती लगेच बाजेवरून उठली आणि काठी टेकत आवारात फिरू लागली. एक इथं, पाण्याच्या टाकीजवळ. एक गेटाच्या उजव्या हाताला, डाव्या हाताला गटार हाये. दोन मागं. पाचवं साहेबरावाच्या कंपाउंडला लागून, त्याच्या शेडला पण सावली पाहिजे. साहेबरावांनी लोड हा शब्द उच्चारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बिभीषणा," तिनं काठीनं गेटाजवळच्या जागेवर रेघ ओढली. "लिंबाचं रोप लावलं तर बाज टाकण्याजोगी सावली किती वर्सांनी?"

शेंडगे उगवणीतले जाणकार. उगीच दिलासा द्यायची त्यांना सवय नव्हती. "सात-आठ वर्षं तर धरावीच लागतील, माय."

सखूबाईनं मनाशी काहीतरी जुळवलं. ओठ हलले, बोटांची पेरं मोजली गेली.

"आठ म्हंजे काय लई न्हाईत," ती म्हणाली. "पर पाणी मीच घालीन. तुझा कायी भरवसा न्हाई, तू दिसभर कोंब मोजीत बसतोस. जा, कुदळ आण."

शेंडगे कुदळ आणायला मागच्या अंगणात गेले. कुदळ मागच्या दारालाच, डोळ्यांसमोर टेकवलेली होती. तरी ती त्यांना सापडायला बराच वेळ लागला.